यादीतले बाकीचे नऊ

“बाई, बाकीचे नऊ कुठं गेले?”

दत्तोबांनी खुर्ची मागे सरकवून मला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक दहा ओळी होत्या आणि दहाही ओळींत एकच नाव होतं, दत्तोबा. प्रोग्रॅम तसा सोपा होता. दहा नावं विचारायची, यादीत ठेवायची आणि यादी परत दाखवायची. त्यांनी दहा वेगवेगळी नावं भरली होती, सगळ्यात शेवटी स्वतःचं. मशीनने पहिल्या नऊ जणांना गिळून टाकलं होतं आणि त्यांना एकट्यालाच दहा वेळा परत दिलं होतं.

शेजारच्या मशीनवरून ऋतुजा वाकून बघत म्हणाली, “काका, सॉलिड! दहाच्या दहा तुम्हीच. इलेक्शनला उभे राहा.”

सगळी बॅच हसली. मीही हसले. हसण्यात थोडा वेळ काढता येतो, हे मला शिकवायला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

“पॉइंटर चुकलाय,” मी म्हणाले.

“कसा?”

“म्हणजे... चुकीच्या ठिकाणी दाखवतोय.”

“कुठल्या ठिकाणी?”

मी घड्याळाकडे बघितलं. “वेळ संपली काका. उद्या बघू.”

दत्तोबांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. त्यांनी वहीत ते एकच नाव, जसं दिसत होतं तसं, दहा वेळा उतरवून घेतलं आणि मगच चपला शोधायला गेले.

हे शहाण्णव सालचं. कोथरूडला तेव्हा दर दोन इमारतींमागे एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. आमचा एका औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. चपला बाहेर काढून आत यायचं, कारण आत एसी होता आणि एसीइतकं सोवळं त्या काळी दुसऱ्या कशालाच नव्हतं. मी तेवीस वर्षांची, नुकती बी.एस्सी. झालेली. सी नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा मी शिकवत होते आणि ती मी स्वतः शिकले होते माझ्या पहिल्या बॅचच्या बरोबर एक बॅच आधी. निम्म्या अभ्यासक्रमापर्यंत माझा आवाज खणखणीत असे. पॉइंटर आले की तो खाली यायचा. ‘पॉइंटर म्हणजे पत्ता’ हे वाक्य मी पाठ केलं होतं. ते म्हणायचं, फळ्यावर एक चौकोन आणि एक बाण काढायचा आणि पुढच्या धड्यावर उडी मारायची. चार बॅचेसमध्ये मला कोणीही अडवलं नव्हतं. मुलांना समजून घ्यायचं नव्हतं, सर्टिफिकेट हवं होतं.

दत्तोबांना दोन्ही हवं होतं, आणि माझी पंचाईत तिथेच झाली होती.

ते पन्नाशीला आलेले, कोथरूड गावठाणातले. गेली तीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत होते. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत उचलायचं, शेजारी शेजारी लावायचं, ओळ करायची, ओळींचं पान करायचं. त्यांची चिमूट कायमची काळी झाली होती. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची त्यांना इतकी सवय की एकदा मी हजेरीचा कागद माझ्याकडे तोंड करून ठेवलेला असताना ते टेबलापलीकडून म्हणाले, “बाई, ऋतुजाला दोनदा हजर लावलंय.” लावलं होतं.

छापखान्याचे जुने मालक वारले आणि त्यांचा पुतण्या अभिनव गादीवर आला. त्याने खिळे काढून कॉम्प्युटर आणायचं ठरवलं. दत्तोबांना त्याने सांगितलं, “काका, दसऱ्यापर्यंत डीटीपीचं सर्टिफिकेट आणा, तुम्हाला कॉम्प्युटरवर बसवतो. नाहीतर माझा नाइलाज आहे.” डीटीपी म्हणजे पडद्यावर पान जुळवणं. आमच्याकडे तो कोर्स होता. दत्तोबा आले ते त्याच्यासाठीच.

पण त्यांनी आधी आमचं माहितीपत्रक वाचलं. छापलेला कागद हातात आला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नसे. डीटीपीसमोर लिहिलं होतं ‘डिझाइन, ग्राफिक्स, कलर’. सीसमोर लिहिलं होतं ‘कॅरॅक्टर, स्ट्रिंग, अ‍ॅरे’.

“कॅरॅक्टर म्हंजी अक्षरच ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

“आन् स्ट्रिंग?”

“अक्षरांची ओळ.”

“मंग हेच की माझं काम.”

आमचे इंद्रजीत सर, म्हणजे क्लासचे मालक, शेजारीच उभे होते. सीच्या बॅचला एक विद्यार्थी कमी पडत होता. “बरोबर ओळखलंत काका,” सर म्हणाले. “सी म्हणजे पाया. सी आलं की डीटीपी आपोआप येतं.” मी पावतीवर नाव लिहीत होते. सी आलं म्हणून डीटीपी येत नाही, हे मला ठाऊक होतं. डीटीपीच्या सकाळच्या बॅचला त्या आठवड्यात एक जागा रिकामी होती, हेही ठाऊक होतं. दत्तोबा जिना उतरल्यावर मी सरांना तसं म्हणाले, तर ते म्हणाले, “पूर्णिमा, तू तुझं शिकवणं बघ.”

मी माझं शिकवणं बघितलं. नोकरी पहिलीच होती, आणि ते सहा फुटी गृहस्थ मला काही अजिबात आवडत नसले तरी पगार तेच देत होते.

तर ती दहा नावं. मी घरी जाऊन पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी बॅचच्या आधी अर्धा तास क्लास उघडायला गेले, तर दत्तोबा जिन्यात उभे. खांद्याला कापडी पिशवी.

“काल सायकलवर घरी जाताना ध्यानात आलं,” ते म्हणाले. “चूक तुमच्या यंत्राची न्हाई. माझी हाय. दावतो.”

त्यांनी माझ्या टेबलावर पिशवीतून तीन गोष्टी काढल्या. तळहातावर मावेल अशी लोखंडी पट्टी, तिला तीन बाजूंनी कड. कागदात बांधलेले मूठभर खिळे. आणि कोऱ्या चिठ्ठ्यांची चवड.

“ही स्टिक,” ते पट्टी हातात घेऊन म्हणाले. “खिळे हिच्यात जुळवायचे. आता पयलं नाव.” त्यांची बोटं कागदावरून दोन-चार वेळा फिरली असतील, तेवढ्यात पट्टीत ‘सर्जेराव’ उभा राहिला, उलटा. “मला हे नाव यादीत पायजे. मी काय केलं? चिठ्ठी लिहिली.” चिठ्ठीवर त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, ‘नाव स्टिकमध्ये आहे.’ ती टेबलाच्या डाव्या कडेला ठेवली.

मग त्यांनी स्टिक रिकामी केली आणि तिच्यात दुसरं नाव जुळवलं. “हा उत्तरेश्वर. ह्याची चिठ्ठी.” पुन्हा तेच लिहिलं, ‘नाव स्टिकमध्ये आहे.’ ती पहिलीच्या खाली. तिसऱ्या नावाला मी पुढे वाकले. पाचव्याला मी खुर्चीतून उठून टेबलाच्या त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी एकही नाव गाळलं नाही. दहा नावं जुळवली, नऊ मोडली, दहा चिठ्ठ्या लावल्या.

“आता यादी वाचा. पयली चिठ्ठी.”

“नाव स्टिकमध्ये आहे.”

“बघा स्टिकमधी.”

स्टिकमध्ये दत्तोबा होते.

“दुसरी वाचा.”

मी वाचली नाही. वाचायची गरजच नव्हती. यादीत नावं नव्हतीच कधी. यादीत होते पत्ते, आणि दहाही पत्ते एकाच जागेचे. त्या एका जागेवर शेवटी जो येऊन बसला, तोच सगळ्यांना दिसणार. चार बॅचेसना मी जो चौकोन आणि बाण काढून दाखवला होता, त्याचा अर्थ मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला. इतका आनंद झाला की लाज वाटायचंच राहून गेलं. ती नंतर वाटली, आणि बरीच वाटली.

“यंत्र इमानदार हाय,” दत्तोबा म्हणाले. “म्या दहांदा एकच पत्ता दिला, त्यानं दहांदा तिथंच जाऊन बघितलं. माणूस असता तर म्हणाला असता, अहो, हे काय चाललंय.”

“मग छापखान्यात तुम्ही काय करता?”

“ओळ झाली की उचलून तबकात ठेवतो. दर ओळीला तिची जागा. मंग स्टिक मोकळी, दुसऱ्या ओळीला.” त्यांनी मशीनकडे बोट केलं. “तुमच्याकडं तबक हाय का?”

“आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. दोन आज्ञा होत्या, मीच शिकवलेल्या, पोपटासारख्या. एकीने मशीनकडे नवी जागा मागायची. दुसरीने नाव अक्षर अक्षर तिथे उतरवायचं. आणि चिठ्ठीवर पत्ता लिहायचा तो या नव्या जागेचा. दर नावाला नवी जागा.

“जागा केवढी मागायची?”

“नावात जेवढी अक्षरं, तेवढी.”

“आन् शेवटचा कोरा खिळा?”

“कोरा?”

त्यांनी उत्तरादाखल स्टिकमधली ओळ तशीच उचलायला घेतली. स्टिकबाहेर येताच शेवटचा खिळा कलंडला, त्याच्यामागून बाकीचे, आणि दत्तोबा टेबलभर सांडले. मग त्यांनी ओळ परत जुळवली, शेवटी बिनअक्षराचा एक खिळा घट्ट बसवला आणि आख्खी ओळ दोन बोटांत उचलून माझ्यासमोर ठेवली. “हा छापला जात न्हाई. पण ओळ इथं संपली, हे ह्योच सांगतो. हा नसंल तर ओळ आपली सुटत जाती.”

मशीनमध्येही असाच एक कोरा असतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी, न दिसणारा. त्याच्यासाठी एक जागा जास्त मागावी लागते. मी माझ्या नोट्स काढल्या. चार बॅचेसना झेरॉक्स करून वाटलेल्या त्या नोट्समध्ये ही एक जागा मागितलेलीच नव्हती. मशीन उदार असल्यामुळे आजवर निभावलं होतं. मी पेन घेऊन तिथे ‘अधिक एक’ लिहिलं. दत्तोबांनी ते उलट्या बाजूने वाचलं आणि मान हलवली.

आम्ही प्रोग्रॅम दुरुस्त केला. मी सांगितलं, टाइप त्यांनी केलं, एका बोटाने, पण एकही चूक नाही. दहा नावं भरली. पडद्यावर दहा ओळी आल्या आणि दहा वेगळे लोक.

दत्तोबा पडद्याजवळ वाकले. “सर्जेराव,” ते बोट ठेवत म्हणाले. “ह्याच्या हातासारखा हात न्हाई बघितला. डोळं गेलं तवा घरी बसला. उत्तरेश्वर. धाराशिवकडला. लग्नपत्रिका त्यानंच जुळवायची, दुसऱ्यानं हात लावला तर दोन दिवस बोलायचा न्हाई. गोदाबाई. फर्म्याच्या, छापलेल्या मोठ्या कागदाच्या, घड्या घालायची, मोजत कधीच न्हाई, पण एक पान कमी पडायचं न्हाई.” असे दहावर पोचले. छापखान्यातून लोक ज्या क्रमाने गेले, त्या क्रमाने त्यांनी यादी केली होती. दहाव्या नावावरून त्यांनी बोट काढून घेतलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. काका, तुम्ही चुकीच्या कोर्सला बसला आहात, सरांशी भांडा, मीही येते. दसऱ्याला अजून दोन महिने होते. पण खाली सरांची स्कूटर वाजली, मुलं चढायला लागली आणि खरं सांगायचं तर मी माझ्या नव्या शहाणपणावर इतकी खूश होते की मला त्या दिवशी फळ्यासमोर उभं राहायची घाई झाली होती. तो तास माझ्या आयुष्यातला पहिला खरा तास. मी पोरांना दहा चिठ्ठ्या दाखवल्या. ऋतुजासुद्धा गप्प बसून बघत होती.

परीक्षेत दत्तोबा बॅचमध्ये पहिले आले. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा त्यांनी ते आधी उन्हात तिरकं धरून छपाई तपासली. “शाई फिकी हाय,” म्हणाले. मग पेढे दिले आणि मला बोलावून गेले. “खंडेनवमीला छापखान्यात या बाई. आमी यंत्रांची पूजा करतो. अक्षरं बघून जावा.”

मी गेले. दारावर झेंडूची तोरणं होती. पुढच्या खोलीत तीन नवे कॉम्प्युटर, त्यांना हळदीकुंकू, कीबोर्डवर एकेक फूल. अभिनव माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. मी कुठून आले ते सांगितल्यावर तो अवघडला.

“काकांचं सर्टिफिकेट बघितलं मी मॅडम. फर्स्ट आलेत, छानच आहे. पण सीचा मला काय उपयोग? मी डीटीपी सांगितलं होतं.”

“ते महिनाभरात शिकतील. माझ्यापेक्षा लवकर शिकतात.”

“दसऱ्यापर्यंत म्हटलं होतं, सगळ्यांनाच. दोन मुली घेतल्यात मी आता, शिकून आलेल्या.” त्याने आतल्या दाराकडे बघितलं. “टेम्पो परवा येणार आहे. खिळे वितळवायला जातील. तोपर्यंत काकांना राहा म्हटलंय.”

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

आतल्या खोलीत भिंतीलगत लाकडी घोड्यांवर उतरत्या पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत लहान लहान खण, खणाखणांत खिळे, आणि वर झेंडूच्या पाकळ्या. दत्तोबा धुतलेला सदरा घालून उभे होते. समोर छापून झालेलं खिळ्यांचं एक आख्खं पान होतं, दोऱ्याने बांधलेलं. त्यातल्या एकेक ओळीतले खिळे ते उचलत होते आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकत होते. बघत नव्हते. टिक, टिक, टिक.

“परवा हे वितळणार ना काका?”

“व्हय.”

“मग परत खणात कशाला टाकताय?”

“पान तसंच टाकून कसं जायचं?” ते म्हणाले. आणि माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, “तुमी जिवाला लावून घिऊ नका बाई. हा कोर्स आपला न्हवं, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. डीटीपीच्या पोरींना इचारलं. सरांकडं गेलो, म्हणलं बदलून द्या. तर दिवाळीपतूर जागा न्हाई म्हणले.”

मला हे ठाऊक नव्हतं. “मग पुढे का येत राहिलात?”

त्यांनी दोन-तीन खिळे टाकले. “तीस वर्सं अक्षरं हातात धरली. ह्या नव्या अक्षरांना वजन न्हाई, हाताला लागत न्हाईत. मंग ती ऱ्हातात तरी कुठं? नोकरी तर जाणारच हुती. तेवढं बघितल्याबिगर जायचं न्हवतं.”

एवढ्यावर मी गप्प बसू शकले असते. त्यांनी मला मोकळं करून टाकलं होतं. पण माझ्याने ते सहन होईना.

“काका, पहिल्या आठवड्यात जागा होती. डीटीपीला. तुमचं नाव पावतीवर लिहीत होते तेव्हा मला माहीत होतं.”

त्यांचा हात खणावर थांबला. चिमटीत एक अक्षर होतं. पुढच्या खोलीत प्रसादाच्या वाट्या वाजत होत्या. ते माझ्याकडे बघतील, काहीतरी बोलतील, निदान चिडतील म्हणून मी उभी राहिले. मला ते हवं होतं.

“हुती का,” ते म्हणाले.

चिमटीतलं अक्षर त्यांनी त्याच्या खणात सोडलं. पुढचं उचललं, तेही सोडलं.  मग त्यांनी पानातून दोन ओळी सोडवल्या, माझा हात धरून उताणा केला आणि त्या तळहातावर ठेवल्या. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट वजन होतं.

“सांडू नका,” ते म्हणाले. “आंगठा शेवटाला लावा.”

मी एक खिळा उचलला, तो उलटा वाचायचा प्रयत्न केला आणि एका खणात टाकला. दत्तोबांनी न बघताच तो खण चाचपला, माझा खिळा नेमका बाहेर काढला आणि शेजारच्या खणात टाकला. मी दुसरा उचलला, या वेळी उजेडाकडे धरून.

पुढच्या खोलीत अभिनव फोनवर कोणाला तरी टेम्पोची वेळ सांगत होता. आमचं अजून अर्धं पान बाकी होतं.